विलीनीकरण होऊन रायलं!

नोव्हेंबर २०२१. अमरावतीच्या मध्यवर्ती बसस्थानकात एकाही फलाटाला गाडी लागलेली नव्हती. मला मूर्तिजापूरला मयतीला जायचं होतं. बाहेर काळीपिवळीवाला तोंडाला येईल ते भाडं सांगत होता आणि लोक मुकाट्यानं देत होते. आत मंडप होता, सतरंजी होती, चहाचा थर्मास होता. मंडपात एक ओळखीचा कंडक्टर दिसला. मी विचारलं, ‘‘काय होऊन रायलं गा भाऊ?’’

‘‘विलीनीकरण होऊन रायलं, काकाजी!’’

शेजारच्या खोलीत पोहे होऊन रायले, दोन मिनिटांत बशी येते, अशा सुरात त्यानं ते सांगितलं.

‘‘कोन करून रायलं?’’

‘‘सरकार. करावंच लागते त्याले.’’

‘‘आन नाही केलं त?’’

यावर त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी मूर्तिजापूरच्या मयतीला निघालो नसून त्याच्याच दारात रडायला आलोय. तसंही एसटी महामंडळ राज्य सरकारात विलीन करा म्हणणाऱ्या या आंदोलनाला मंडपातले लोक संप म्हणतच नव्हते. ज्या सहकाऱ्यांनी आत्महत्या केल्या त्यांचा हा दुखवटा आहे, असं ते म्हणत. दुखवट्याची गंमत अशी, की तो कधी संपवायचा हे घरच्या वडीलधाऱ्यानं सांगायचं असतं. इथं वडीलधारा कोण, हेच ठरलेलं नव्हतं.

‘नाही केलं त?’ या प्रश्नाचं उत्तर त्या कंडक्टरला कुणी दिलेलं नव्हतं, म्हणून हा लेख. मी बावीस वर्षं एका कचेरीत कामगार संघटनेचं काम केलं, पावत्या फाडल्या, गेट मीटिंगा घेतल्या, शाखेचा सचिव झालो आणि पडलोही. वेतनकरार मुंबईच्या दालनात बिसलेरीच्या बाटल्यांमध्ये होतो, असं बाहेरच्यांना वाटतं. तिथं फक्त सह्या होतात. करार होतो किंवा बिघडतो तो डेपोच्या गेटवर, सभासदाच्या डोक्यात नेत्यानं जो आकडा घातला त्या क्षणी. तो आकडा खरा असेल तर वाटाघाटीला अर्थ आहे. खोटा असेल, किंवा आकडाच नसेल, तर पुढची सगळी नाटकंच.

आधी माझंच पाप सांगतो, म्हणजे पुढे इतरांना शिव्या द्यायचा अधिकार राहील.

आमच्या मागणीपत्रकात आम्ही तीस टक्के वाढ लिहिली होती. मॅनेजमेंट बारा-तेराच्या वर जाणार नाही, हे मला ठाऊक होतं. हिशेबाची पुस्तकं मी पाहिली होती. तरी गेटवर उभा राहून मी घसा फोडून ओरडलो, ‘‘तीसच्या खाली एक पैसा घेणार नाही!’’ टाळ्या पडल्या. टाळ्या फार वाईट. त्या दिवशी रात्री घरी जेवताना बायको म्हणाली, ‘‘तीस भेटते काहो खरंच?’’ मी म्हटलं, ‘‘मागावं तं लागते.’’ ती म्हणाली, ‘‘मंग तसं सांगा ना त्यायले. भेटते म्हणून कायले सांगता?’’ चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझी केलेली ही सगळ्यात नेमकी चिरफाड.

पुढे तेरावर सही झाली. दुसऱ्या दिवशी माझ्या सायकलच्या हँडलला चपलांचा हार. तेरा टक्के ही आमच्या कचेरीच्या इतिहासातली चांगली वाढ होती. हार तेरासाठी नव्हताच. तो उरलेल्या सतरासाठी होता, आणि ते सतरा टक्के मीच त्यांच्या खिशात घालून मीच काढून घेतले होते. मॅनेजमेंटनं त्यांचं काहीच काढलं नव्हतं.

पुढच्या खेपेला शहाणा झालो. गेटवर सांगितलं की मागू वीस, पण दहा-अकरावर समाधान मानावं लागेल, कारण धंदा पडलाय. गेटवर सन्नाटा. शाखेच्या निवडणुकीत मी पडलो. निवडून आला तो गडी म्हणत होता ‘छत्तीस’. त्यानं अखेर अकरावरच सही केली, पण सहीच्या आधी चार दिवस उपोषण केलं. लोकांनी त्याची वाजतगाजत मिरवणूक काढली. मीही त्या मिरवणुकीत गेलो, पेढा खाल्ला. तेव्हा सभासद बिचारे भोळे आणि पुढारी तेवढे लबाड, हे रडगाणं माझ्याजवळ गाऊ नका. खरं सांगणाऱ्याला आपण घरी बसवतो आणि खोटं सांगणाऱ्याला खांद्यावर घेतो.

आता एसटीकडे येऊ.

२७ ऑक्टोबर २०२१ ला एसटीतल्या संघटनांच्या कृती समितीनं उपोषण सुरू केलं. मागण्या मोजता येण्यासारख्या होत्या: महागाई भत्ता, घरभाडं भत्ता. दुसऱ्याच दिवशी सरकारनं २८ टक्के महागाई भत्ता आणि वाढीव घरभाडं मान्य केलं. नेत्यांनी उपोषण सोडलं, हार घातले, फोटो काढले. आणि मागे वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं. एकेक आगार बंद पडत गेलं. अकोला, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, दर्यापूर, परतवाडा… दिवाळीनंतर राज्यातली जवळजवळ सगळी २५० आगारं थंड. नेते कामावर या म्हणत होते आणि नव्वद हजारांच्या आसपास कर्मचारी म्हणत होते, तुम्ही कोण?

हा प्रश्न अगदी वाजवी होता. कोरोनात पगार लांबले होते. आधीच्या वेतनकराराचा घोळ वर्षानुवर्षं चाललेला. ऐन दिवाळीत २०१७ साली चार दिवसांचा संप झाला, हायकोर्टानं तो बेकायदा ठरवला आणि कर्मचारी रिकाम्या हातानं स्टिअरिंगवर गेले. जून २०१८ मध्ये परिवहनमंत्र्यांनी ४,८४९ कोटींच्या वाढीची घोषणा केली. कर्मचाऱ्यानं आपली पगारचिठ्ठी पाहिली आणि कोटी कुठं गेले ते शोधत बसला. आठवडाभरात पुन्हा दोन दिवस गाड्या उभ्या. इतकं झाल्यावर जुन्या संघटनेच्या पुढाऱ्यानं २८ टक्क्यांचा कागद हलवला, तर त्याच्याकडे कोण पाहणार? ज्याच्यावरचा विश्वास उडाला त्यानं आणलेला चांगला करारसुद्धा दगाच वाटतो.

आणि मग जे घडलं ते पुढाऱ्यांच्या अब्रूवरचा शेवटचा खिळा होता. नेत्यांनी ‘यापेक्षा जास्त मिळणार नाही’ म्हणून सोडलेलं आंदोलन लोकांनी चार आठवडे चालवलं आणि २४ नोव्हेंबरला परिवहनमंत्री अनिल परब यांनी थेट मूळ पगारात वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना ५,००० रुपये, दहा ते वीसवाल्यांना ४,०००, वीसच्या वरच्यांना २,५००. नव्या वाहकाचं मूळ वेतन १२,०८० वरून १७,०८० झालं. ४१ टक्के! आमच्या गेटवर मी तीस म्हटलं तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. इथं एक्केचाळीस ताटात वाढलेले होते.

म्हणजे सभासद बरोबर होते आणि पुढारी चूक. हे मान्य करायला मला जड जातं, पण हिशेब हिशेब आहे. ‘शेवटचा प्रस्ताव’ शेवटचा नव्हता. सरकारनंच ते सिद्ध करून दिलं. मग मंडपातल्या माझ्या कंडक्टरानं काय शिकायचं? तो जे शिकला तेच शिकायचं: चार आठवडे थांबलो तर पाच हजार मिळाले, आणखी चार थांबलो तर विलीनीकरण का नाही?

इथंच गाडी नालीत गेली.

वाढ जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईत आझाद मैदानात आंदोलनाचं पुढारपण करणारे गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत बाजूला झाले. लोक उठले नाहीत. २० डिसेंबरला संपाची नोटीस देणाऱ्या संघटनेचे अजय गुजर यांनी संप मागे घेतला. लोक उठले नाहीत. जो कुणी ‘आता पुरे’ म्हणे तो त्या क्षणी फितूर ठरे. सगळ्यांत शेवटी उरला तो माणूस ज्यानं ‘पुरे’ म्हटलंच नाही. ते वकील होते, गुणरत्न सदावर्ते. आंदोलनाचा पुढारी निवडायची ही तऱ्हा पाहा. अनुभव किती, हिशेब किती येतो, मागे किती करार केले, काही विचारायचं नाही. सगळ्यांत मोठी अपेक्षा जो सगळ्यांत शेवटपर्यंत पाजत राहील तो आपला.

१९८२ साली मुंबईत हेच झालं होतं. राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही कायद्यानं एकमेव प्रतिनिधी संघटना, आणि तिच्या बोनस-करारावर गिरणी कामगाराचा काडीचा भरवसा नाही. कामगार पुढारी दत्ता सामंतांनी इंजिनिअरिंग कारखान्यांत मोठमोठ्या पगारवाढी आणलेल्या, म्हणून कामगार त्यांच्या दारात जाऊन बसले. १८ जानेवारीला अडीच लाख लोक बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, गिरण्याच संपल्या. सामंत लबाड होते असं मी म्हणणार नाही. पण मोटारीच्या कारखान्यात जी वाढ निघते ती कापडाच्या मोडकळीला आलेल्या गिरणीत निघेल, ही अपेक्षा लोकांच्या डोक्यात होती आणि ती उतरवायला गेटवर कुणी उभं राहिलं नाही.

ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर आणि जॉर्ज जॉन्सन या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६९ साली यावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं आपल्या पानठेल्यावर सांगण्यासारखं आहे. वाटाघाटीत दोन बाजू नसतात, तीन असतात: मालक, सभासद आणि पुढारी. पुढाऱ्याला ठाऊक असतं काय मिळणार ते. सभासदाला त्याहून जास्त हवं असतं. आता पुढाऱ्यापुढे दोन वाटा. कमी पैशांवर सही करून शिव्या खायच्या, किंवा संप पुकारायचा. संपात दिवस जातात, घरातला किराणा संपतो आणि सभासदाची अपेक्षा आपोआप खाली येते. ती मालकाच्या आकड्याला टेकली की सही. म्हणजे संप मालकाला वाकवण्यासाठी जितका असतो, तितकाच सभासदाला थंड करण्यासाठी असतो. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा मला त्या छत्तीसवाल्याचं चार दिवसांचं उपोषण आठवलं. तो अर्थशास्त्र न शिकता ते कोळून प्यायला होता.

फक्त एक गोष्ट त्या दोघांच्या हिशेबात बसत नाही. अपेक्षा आकड्यात असेल तरच ती हळूहळू उतरते. तीसवरून पंचवीस, पंचवीसवरून अठरा. शब्दातली अपेक्षा उतरत नाही. अर्धं विलीनीकरण कसं मागणार? पाऊण विलीनीकरणावर सही कशी करणार? आमच्या वऱ्हाडातल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. बोटं मोजता येतात म्हणून होतो. रुमालाखाली हात घालून कुणी ‘न्याय’ म्हटलं तर हेडा हात झटकून पुढच्या दावणीला जाईल.

विलीनीकरणाची मागणी खुळी होती असं मुळीच नाही. आंध्र प्रदेशात १ जानेवारी २०२० पासून तिथल्या एसटीचे कर्मचारी सरकारी झाले. आमच्या पोरांच्या मोबाइलवर ती बातमी दोन वर्षं फिरत होती. ‘त्यायले भेटलं, मंग आमाले काऊन नाही?’ प्रश्न रास्त. पण त्याच्या शेजारची बातमी कुणी फिरवली नाही. तेलंगणात २०१९ साली हीच मागणी घेऊन अठ्ठेचाळीस हजार कर्मचारी ५२ दिवस संपावर होते. मुख्यमंत्र्यांनी तुम्हीच तुम्हाला बडतर्फ करून घेतलं असं सुनावलं आणि शेवटी मागणी सोडून, ‘आम्हाला कामावर घ्या’ म्हणत लोक परतले. आंध्रात ते मिळालं निवडणुकीच्या आश्वासनातून. तेलंगणातही पुढे २०२३ साली विधानसभेत विधेयक आलं, तेव्हा निवडणूक दारात होती. आपल्या वऱ्हाडाला तरी हे नवं आहे का? आमच्याकडच्या जुन्या प्रांतिक परिवहनच्या गाड्या १९६१ साली एसटीत विलीन झाल्या त्या राज्यांची फेररचना झाली म्हणून. कुण्या आगारात मंडप घातला म्हणून नव्हे.

विलीनीकरण ही मतपेटीतून काढायची गोष्ट आहे. महामंडळाच्या व्यवस्थापकीय संचालकाच्या हातात ते नाही. वाटाघाटीच्या टेबलावर ते मागणं म्हणजे एसटीच्या तिकीट खिडकीवर रेशनची साखर मागणं. खिडकीतला माणूस ‘नाही’ म्हणतो, आपण त्याला जुलमी म्हणतो, मागची रांग वाढत जाते. हे पुढाऱ्यांना माहीत नव्हतं? माहीत होतं. तरी सांगितलं नाही, कारण शब्द विकणाऱ्याला हिशेब द्यावा लागत नाही. तीसचे तेरा आणले तर चपलांचा हार पडतो. विलीनीकरणाचं शून्य आणलं तर ‘लढा सुरूच राहील’ म्हणता येतं.

हायकोर्टाच्या आदेशानं नेमलेल्या तीन सदस्यांच्या समितीनं विलीनीकरण शक्य नाही असा अहवाल दिला. सरकारनं तो स्वीकारला. एप्रिल २०२२ मध्ये हायकोर्टानं २२ तारखेपर्यंत कामावर हजर व्हा असं सांगितलं, बडतर्फी करू नका असं महामंडळाला बजावलं. ८ एप्रिलला मुंबईत शरद पवारांच्या घरावर चाल करून जाण्याचा प्रकार घडला, सदावर्त्यांना अटक झाली आणि त्यानंतर लोक एकेक करून आगाराच्या गेटातून आत गेले. मंडपाची सतरंजी कुणी झटकली ते मला माहीत नाही.

आता वेबिल भरू. कंडक्टरच्या भाषेत बोलायचं तर दिवसभराचा हिशेब रात्री जुळला पाहिजे.

२४ नोव्हेंबरची वाढ धरून नव्या वाहकाचा एकूण पगार सुमारे २४ हजारांवर गेला होता. २५ नोव्हेंबरला कामावर गेलेला आणि २२ एप्रिलला गेलेला, या दोघांत पाच महिन्यांचा फरक. चोवीस पंचे एकशे वीस, म्हणजे एक लाख वीस हजार रुपये अशा प्रत्येक घरातून गेले. पहिल्या चार आठवड्यांनी पाच हजारांची वाढ आणली, ते पैसे वसूल झाले म्हणा. पुढच्या पाच महिन्यांनी मूळ पगारात काय आणलं? काही नाही. कुणाच्या बायकोचं मंगळसूत्र गहाण पडलं, कुणी सासऱ्याच्या वावरात तुरी सोंगायला गेला, कुणाच्या पोरीची फी राहिली. या एक लाख वीस हजारांची पावती कुठल्या संघटनेनं फाडून दिली?

याच कंडक्टरजवळ संध्याकाळी दहा रुपये कमी भरले तर खिशातून घालावे लागतात. एका तिकिटाचा घोळ झाला तर चौकशी लागते. रुपया-रुपयाचा हिशेब देणारा हा माणूस, आणि त्यानं आपल्या पुढाऱ्याकडून पाच महिन्यांचं वेबिल मागितलं नाही!

सरकारला मी सोडतोय असं समजू नका. सरकार या धंद्यातलं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक आहे. मुदत संपून करार लटकत ठेवायचा, निवेदनं घेऊन फाइलला लावायची, शांतपणे बोलायला येणाऱ्याला तारखा द्यायच्या आणि चाकं थांबली की रातोरात पैसे काढायचे. अशानं सभासद काय शिकतो? शहाण्यासारखं मागणाऱ्याला पाणीही मिळत नाही, आणि रस्ता अडवणाऱ्याला जेवण. अपेक्षा फुगवायला पुढारी एकटा पुरत नाही, दुसऱ्या बाजूनं पंप मारायला सरकार लागतं. संप मोडला त्याच वर्षी जून महिन्यात आमच्या अमरावती-अकोला महामार्गावर लोणीपासून पुढे एका लेनचं ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेसमध्ये नाव नोंदवलं गेलं. छान झालं. ज्या रस्त्याचं डांबर पाच दिवसांत पडतं, त्या रस्त्यावर गाडी हाकणाऱ्याचा चार वर्षांचा करार चार वर्षं उलटली तरी सहीला येत नाही. त्याचा विक्रम कोण नोंदवणार?

सरकारी नोकरांचीही हीच कथा. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत मार्च २०२३ मध्ये सतरा लाखांच्या घरात कर्मचारी बाहेर पडले. आमच्या अमरावतीत कलेक्टर कचेरीपुढे शिक्षक, परिचारिका, तलाठी एका रांगेत. सातव्या दिवशी समन्वय समितीनं संप मागे घेतला, सरकारनं तत्त्व मान्य केलं म्हणून. तत्त्व! तत्त्वाची पेन्शन बँकेत जमा होत नाही. रात्रीतून नेत्यांच्या नावानं शंख सुरू झाला. वाईट म्हणजे, ते सातव्या दिवशी थांबले हे कदाचित शहाणपणच होतं. पण ‘मिशन’ एकच आहे असं आदल्या दिवसापर्यंत सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी शहाणपण कोण ऐकून घेणार?

आता उलटं उदाहरण, कारण शिव्याच दिल्या असं होऊ नये.

२०२१ च्या वाढीत एक काटा राहिला होता. नव्याला पाच हजार आणि वीस वर्षं घासलेल्याला अडीच हजार. जुन्या ड्रायव्हरांच्या पोटात ते सलत होतं. ३ सप्टेंबर २०२४ ला, गणपतीच्या तोंडावर, कृती समितीनं गाड्या थांबवल्या. या वेळी मागणीत आकडे होते आणि कुणाला किती कमी पडले तेही होतं. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याकडे बैठक झाली आणि सगळ्यांची वाढ साडेसहा हजारांवर आणून सारखी केली, एप्रिल २०२० पासून. ज्याला पाच मिळाले होते त्याला आणखी दीड हजार, चारवाल्याला अडीच, अडीचवाल्याला चार. दोन दिवस! विधानसभेची निवडणूक जवळ होती, म्हणून सरकार लवकर विरघळलं, हे खरंच. पण वेळ साधणं हाही वाटाघाटीचाच भाग आहे. साडेपाच महिन्यांत जे जमलं नाही ते दोन दिवसांत जमलं, कारण आगारातल्या शेवटच्या मेकॅनिकलाही माहीत होतं की आपण किती मागतोय आणि किती मिळाले की उठायचं.

मालक मंडळी हे वाचून खूश होऊन मान डोलवत असतील, तर त्यांच्यासाठीही दोन शब्द. ‘कामगारांनी अपेक्षा कमी ठेवाव्यात’ असं मी म्हणत नाहीय. कमी अपेक्षेचं काय होतं ते आमच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. अकोल्याच्या सावतराम आणि मोहता या गिरण्यांचा भोंगा कधीच बंद पडला. मुंबईची फिनले मिल अचलपुरात आली, पोरांना नोकऱ्या लागल्या, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जी बंद झाली ती झालीच. तिथल्या कामगारांची मागणी काय होती? वाढ नाही, बोनस नाही. ‘मिल सुरू करा.’ अपेक्षा इतकी खाली आली की काम मिळणं हीच मागणी झाली. आणि एमआयडीसीतल्या दालमिलमध्ये ठेकेदाराच्या हजेरीवर जाणारा पोरगा काहीच अपेक्षा ठेवत नाही. त्याला तेवढंच मिळतं. ज्याच्या डोक्यात आकडा नाही त्याच्याशी वाटाघाट करायची गरजच पडत नाही. म्हणून अपेक्षा हवी, तगडी हवी. फक्त ती पगारचिठ्ठीवर लिहिता येईल अशी हवी.

उपाय विचारता? उपाय साधा आहे, म्हणूनच कुणी करणार नाही. महाराष्ट्राच्या कामगार संघटनांविषयीच्या १९७१ च्या कायद्यात मान्यताप्राप्त संघटनेला संपाची नोटीस देण्याआधी बहुसंख्य सभासदांचं मत घ्यावं लागतं. करारावर सही करण्याआधी मात्र कुणाला विचारायची सक्ती नाही. उपाशी राहायला तुमची संमती लागते, जेवणात काय आलं ते पाहायला लागत नाही. हे उलटं करा. कायदा करेल तेव्हा करेल, संघटनेनं आपल्या घटनेत करावं. प्रस्ताव आला की छापून आगाराच्या फळ्यावर लावा: इतकं मागितलं, इतकं मिळतंय, आणखी एक महिना थांबलो तर घरातून इतकं जाईल. मग गुप्त मतदान. हात वर करून नको. हात वर करताना शेजारी कोण उभा आहे ते माणूस पाहतो आणि मग सगळेच शूर होतात. मत टाकलेल्या माणसाला पुढे ‘आमाले इकलं’ म्हणता येत नाही, आणि पुढाऱ्याला ‘लोक ऐकत नव्हते’ म्हणता येत नाही. दोघांचीही पळवाट बुजते. म्हणूनच दोघांनाही नको आहे.

विलीनीकरणाचा संप मिटल्यावर वर्षभरानं अकोल्याच्या गाडीत तोच कंडक्टर भेटला. गाडी बडनेऱ्याच्या पुढे निघाली होती. विक्रमी डांबराकडे ती मस्त पळत होती. माझ्याशेजारच्या म्हातारीनं पन्नासाची नोट पुढे केली. ती लोणीला उतरणार होती.

‘‘सुटे द्या, आजी. सुट्याबिगर जमत नाही.’’

म्हातारी कनवटीचे पैसे मोजत बसली. तो तिच्यापुढे थांबून राहिला. एक रुपया कमी निघाला. त्यानं तिकीट दिलं नाही, तिनं दुसऱ्या गाठीतून तो रुपया काढेपर्यंत. मग मशीनमधून कागद फाडला आणि माझ्याकडे वळला.

मी हळूच विचारलं, ‘‘काय म्हणते गा विलीनीकरण?’’

तो कसनुसा हसला. ‘‘झालं ना काकाजी. मी पतसंस्थेच्या कर्जात विलीन झालो.’’

‘‘पुढाऱ्याले हिशेब मागतला होता का?’’

तो काही बोलला नाही. मशीनवर बोट ठेवून उभा राहिला.

‘‘त्या आजीले एका रुपयासाठी उभं ठेवलं ना तू आता,’’ मी म्हटलं, ‘‘तसंच त्याच्याजवळही उभं राहाचं. पुरे सुटे मोजून देल्याशिवाय तिकीट फाडाचं नाही.’’

‘‘कुठचं देऊ?’’ त्यानं विचारलं.

‘‘अकोला. एक.’’